अमेरिकेतल्या बाईची दुसरी तबकडी

आमचा दादा गेला, पण मला छळायचं काही त्यानं सोडलं नाही बघा. दहाव्याला नीरेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. आई म्हणाली, “लेका, तुज्या पोरीला मी सांभाळते.” काका म्हणाले, “तुजी शेरडं इकत न्हाई.” कावळा ढिम्म. दादाकडं अमेरिकेतल्या कुण्या गाणाऱ्या बाईची एकच तबकडी होती, दुसरीसाठी तो झुरायचा. शेवटी मी वैतागून ओरडलो, “आणतो तुज्या बाईची दुसरी तबकडी, आता तरी जेव!”

कावळा लगेच उतरला.

तेरावा झाल्यावर दादाची तबकडी घेऊन एसटीनं पुण्याला गेलो. तबकड्यांचा दुकानदार ती बघून म्हणाला, “हिची एवढीच निघाली. खपली नाही, म्हणून बाईनं गाणंच सोडलं.”

मी म्हणालो, “मग तिला पत्र टाका. म्हणावं, अजून एक गा. म्या दादाला शब्द दिलाय.”