गढीच्या आतल्या दरवाजावरचा पुकारा

माझा जन्म गढीच्या भिंतीला टेकलेल्या खोपटातला, निफाडकडच्या एका गावात, आणि ही गढी यादवांची म्हणा का सुलतानाची म्हणा, बुरूज, दोन दरवाजे, मधी अंधारी बोळ, अन् आत काय तर मामलेदार कचेरी. राजे गेले, गोरे साहेब गेले, कचेरी तिथंच. आमच्या आज्या-पणज्यानं त्या दरवाजावर फुकट पहारा केला, जातीचं काम म्हणून, त्याबद्दल भिंतीलगत राहायला जागा. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्याच कचेरीतनं नोटीस आली, तुमची घरं अतिक्रमण हायेत.

काय सांगू तुम्हाला, तारखेची रीत अशी, शिपाई तीनदा नाव पुकारतो, तिसऱ्यालाही माणूस नाय आला तर गैरहजर, निकाल एकतर्फी. पुकारा आतल्या दरवाजावर, तोही तोंडातल्या तोंडात. आमची माणसं मात्र बाहेरच्या दरवाजाबाहेर बसायची, पिढ्यांची सवय, आत पाय उचलायचा नाय. दोन घरं अशीच पाडली, माणसं दारात बसलेली असताना गैरहजर.

मग आमची तारीख लागली, वडलांच्या, म्हणजे दादांच्या नावानं. मी कॉलेजात, पत्रकं वाटणारा, म्हणून मला आत मनाई. दादांना म्हटलं, तुम्ही तरी आत उभे राहा, हे भीक मागणं नाय. ते बाहेरच्या दरवाजाबाहेरच बसले. वस्तीतले बाकी पुरुष सगळे द्राक्षांच्या छाटणीला. शेवटी आईला आतल्या दरवाजाशी उभी केली, म्हटलं, नाव ऐकलं की तेच मोठ्यानं ओरड, दादा बाहेरनं ऐकून येतील. बाहेर पंधरा-वीस जण दुसऱ्या गावचे तारखेचे, नुसतं ‘या’ म्हणून कोण उठणार, नावच यायला हवं.

माझ्या ध्यानातच आलं नाय की आईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

पहिला पुकारा झाला, आईनं पदर तोंडाशी धरला. दुसरा झाला. शिपाई म्हणे हसला, बाई, तुमचंच घर ना, आता शेवटचा बरं का. हे तिनं नंतर सांगितलं, मी बाहेर नुसता दाराकडं बघत होतो.

आणि बोळीतनं आईचा आवाज आला, सखाराम तुका.

दादा ताडकन उठले. मला वाटलं घराकडं पळतात, पण ते आत गेले, सरळ, चपला घालूनच, आणि साहेबासमोर म्हणाले, हजर.

आज घर उभं हाय, निकाल नाय, तारखा चालूच. दादा आता आतल्या बाकावर बसतात, ही जागा आपलीच म्हणतात. आईला म्हटलं, एकदा परत घे की नाव. तर म्हणते, गप रे, ते सरकारी कामापुरतं होतं.