आठ पाठींची शिवण

सासू : बूट का काढलेस?

सून : घरी जायला चपला बऱ्या, आई.

सासू : तासाभरात रस्सीखेचीचा अंतिम सामना आणि ही घरी निघाली. बस इथं बाकावर. मी बाहेर पायरीवर होते, मला माईकवरचं अर्धंच ऐकू आलं. काय झालं ते नीट सांग.

सून : वजन झालं. आठ जणींचं मिळून पाचशे साठ किलोच्या आत भरलं तरच रस्सी हातात देतात. आमचं सव्वा किलो जास्त भरलं. अर्ध्या तासानं परत काट्यावर घेणार. तेव्हाही जास्त भरलं तर आम्ही बाद.

सासू : मग आठातली तूच का उठलीस?

सून : एकेकीला काट्यावर उभं करून आकडा माईकवर वाचत होते. चोपन्न, एकसष्ट, अडुसष्ट. माझा वाचला तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली.

सासू : किती वाचला?

सून : राहू द्या ना.

सासू : बरं, राहिलं.

सून : मागच्या रविवारी सरावाच्या काट्यावर आम्ही साडेतीनशे ग्रॅमनं आत होतो. आठ दिवसांत कोणाचं वाढणार? माझंच. सराव करून आले की भूक लागते, मी दोनदा वाढून घेत होते. आता मी बाजूला झाले की आमची राखीव, धुलाईघरातली ती सडपातळ मुलगी आत येईल. पन्नास किलोची आहे. प्रश्नच मिटला.

सासू : ती सगळ्यात मागे उभी राहणार? दोर काखेतून पाठीवरून खांद्यावर घेऊन? समोरच्यांनी पहिला हिसका दिला की पतंगासारखी जाईल ती.

सून : मग काय करू? तुम्हीच म्हणाला होता, लग्न झालं त्या वर्षी. शेजारच्या काकूंना. "सून आणली की कपाट आणलं, दारातून आडवी घ्यावी लागली."

सासू : ऐकलं होतंस होय ते.

सून : आपल्या स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे.

ड्रायव्हर : खुंट्या, आहेस का आत? आजी पण इथंच, बरं झालं. मी कप्तान म्हणून निरोप आणलाय. मागे रोवलेला आमचा खुंटाच गेला तर आठही जणी घरी. हात वर करून ठरलं. धुलाईघरातली पोरगी तर म्हणाली, मला मागे उभं केलंत तर मी रडेन.

सून : वेड्या आहात का तुम्ही? सहा महिने खेचताय.

ड्रायव्हर : आम्ही वेड्याच. बाहेर बघ जाऊन. नर्स रेनकोट घालून उन्हात मैदानाला फेऱ्या मारतेय, घाम काढायला. आणि शाळेतली स्वयंपाकीण वेणी कापायला कात्री मागत फिरत होती.

सासू : ती गुडघ्यापर्यंतची वेणी?

ड्रायव्हर : हो. देश सोडला तेव्हा तिच्या आईनं घालून दिली होती. तेव्हापासून कात्री लावली नाही. म्हणते, पाव किलो तरी निघेल. दोघींनी हात धरून ठेवलेत तिचे.

सून : तिला सांग, खबरदार कात्री लावलीस तर. मी जाते म्हटलं ना.

ड्रायव्हर : तू कुठं जाणार? आजी, तुम्हाला हिनं कधी सांगितलं नसेल. ही माझ्या बसमध्ये चढायची. शेवटचा थांबा आला तरी उतरायची नाही. तशीच परत. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी गाडी बंद करून मागे गेले. माझी भाषा तेव्हा अजून मोडकी होती. मी म्हटलं, बाई, कुठं जायचं? ही म्हणाली, कुठंच नाही.

सासू : बाळ गेलं त्यानंतरचे दिवस ते. घरात भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टर म्हणाले, माणसांत जाऊ द्या. मी रोज देवाला सांगत होते, हिला कोणीतरी हाक मारणारं भेटू दे. मला वाटायचं ही बाजारात जाते.

ड्रायव्हर : मी म्हटलं, कुठंच जायचं नाही तर आमच्याकडे चल. आम्हाला मागे उभं राहायला जड माणूस हवंय. सात जणी, पाच भाषा, आणि खेचायला लागलो की सगळ्या पुढे घसरतो. ही आली, टाच रुतवली आणि आम्ही घसरायच्या थांबलो. त्या दिवशी ही हसली. मोठ्यानं, आजी. मी आधी ऐकलं नव्हतं.

सासू : मी पण बरेच महिने ऐकलं नव्हतं. पोरी, त्या वेणीचं वजन किती म्हणालीस?

ड्रायव्हर : पाव किलो. तिचा अंदाज.

सासू : वेणीचंही मोजतात काट्यावर?

ड्रायव्हर : अंगावर आहे ते सगळं मोजतात. ज्या कपड्यांत वजन, त्याच कपड्यांत खेळायचं.

सासू : तुझा तो खेळाचा शर्ट काढ गं. माझी शाल घे खांद्यावर. दे इकडे.

सून : काय बघताय उलटा करून?

सासू : चाळीस वर्षं कापड हातावर तोललंय मी. माझ्याच हातचं तोलायला विसरले. ही आतली गादी बघ. कॅनव्हास, खाली कांबळ्याची दुहेरी घडी. दोनशे ग्रॅमला कमी नाही.

सून : ती तुम्ही मंगळवारी लावलीत. माझ्या पाठीवर दोराचे वळ बघून.

सासू : आणि बाकीच्या सात?

ड्रायव्हर : आम्हालाही दिल्यात ना. आठही शर्टांना.

सासू : दोर पाठीवर फक्त हिच्या येतो. तुम्हा सातजणींना तिचा उपयोग शून्य. पण एकीला शिवायचं आणि सातजणींना नाही, हे माझ्या हातानं ऐकलं नाही. त्यात तुम्ही सगळ्या परमुलखातल्या. वाटेल, म्हातारी आपल्या सुनेचं तेवढं बघते. आठ गाद्या, दीड किलोच्या वर गेलं. म्हणजे हिनं दोनदा वाढून घेतलं त्यानं काही झालं नाही. चूक माझी आहे.

सून : आई...

सासू : बोलू दे. कपाटाचंही चुकलं माझं. आज एकदमच सांगते, पुन्हा पुन्हा होणार नाही माझ्यानं.

ड्रायव्हर : उकडत होतं त्या गादीत, आजी. पण कोणी बोललं नाही. नर्स म्हणाली, घर सोडल्यापासून माझ्यासाठी कोणी काही शिवलं नव्हतं. पहिल्या रात्री ती शर्ट घालूनच झोपली.

सासू : तिची परत लावून देईन मी. सामना झाल्यावर सातही परत शिवून देते, थंडीत घाला. आता शर्ट आणा सगळे. माझ्या पिशवीत तीन कात्र्या आहेत. दुहेरी टीप आहे, ओढू नका, फाटेल. एक टाका सोडून एक कापायचा, मग दोरा आपसूक निघतो. स्वयंपाकिणीला कात्री हवी होती ना, तिला पहिली द्या.

सून : माझी पण उसवा. सगळ्यांची निघतेय तर.

सासू : तुझी राहील.

सून : सात काढून पुरेल का?

सासू : चौदाशे ग्रॅम गेले. दीडशेनं आत याल. हिशेब चुकला तर मला काट्यावर उभं करा. बूट घाल.

सून : ती शिट्टी परत ऐकावी लागेल.

सासू : आमचे कथेकरी बुवा गाता गाता मध्येच थांबायचे. म्हणायचे, लोक माझ्याकडे बघतात, पण सूर धरलाय तो मागच्या रांगेनं. ती रांग उठली तर मी नुसता ओरडणारा माणूस. मी जन्मभर मागच्या रांगेत बसून टाळी धरली, मला ते माहीत आहे. तू मागची आहेस. नाड्या घट्ट बांध.

(मैदान. आठ जणी दोर धरून उभ्या. पहिल्या रांगेत सासू, मांडीवर सात गाद्यांची चळत.)

शेजारची बाई : दीडशे ग्रॅमनं वाचल्या म्हणे. आजी, ती सगळ्यात मागची, अंगावर दोर घेतलेली, तुमची कोण?

सासू : सून. ब्याण्णव किलो आहे. जरा सरकून बसा बाई, मला टाळी धरायचीय.