सांताचं आडनाव

तुम्हाला सांगतो, ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात ज्यू नर्स असण्याचा अर्थ एकच, पंचवीस डिसेंबरची ड्यूटी आपली! आमची वॉर्डप्रमुख लिंडा दरवर्षी गोड आवाजात म्हणायची, "डॅनियल, तुला कुठे ख्रिसमस असतो?" एका वर्षी तर तिनं लाल डगला आणि कापसाची दाढीच हातात ठेवली. सांता होणाऱ्यानं ऐनवेळी रजा टाकली होती.

इकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, पोटावर उशी, पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला. अशा थाटात मी मुलांच्या वॉर्डात खेळणी वाटत होतो. हात मोडलेल्या एका चिमुरडीला तिची आई म्हणाली, "आर्या, सांताला नमस्कार कर."

पोरगी खरंच वाकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुखी राहा गं बाळा!"

"ममा, सांता स्पीक्स मराठी!"

आई उडालीच. पण लगेच आपला ठरलेला प्रश्न आला, "आडनाव काय तुमचं?"

"पेणकर. बेने इस्राईल. पेणचे ज्यू आम्ही."

तिनं मला टोपीपासून जँडल्सपर्यंत न्याहाळलं. "अहो, मग तुम्ही सांता कसे?"

म्हटलं, "काय करणार वहिनी, ख्रिश्चन सगळे ख्रिसमसला घरी गेलेत!"