केरबाची गाय पान्हा चोरते

मंडळी, ऐका! विश्वास कुठून येतो? वरून? पोटातून? की बायकोनं ठेवला तरच?

केरबा गवळ्यानं गाईची पाडी विकली. घरात विचारलं? छे! कर्त्या पुरुषानं काय विचारायचं! बायको अनुसया एवढंच बोलली, "गाय तुमची, धार बी तुम्हीच काढा." त्यानंतर — अबोला!

केरबा बसला धारेला. गाईला अनुसयेच्या हाताची सवय, ती पान्हा सोडेना. मग डोकं चालवलं. बायकोचं लुगडं नेसला, पदर घेतला! हसू नका, माताराम, तुमच्याकडेही कुणी नेसलं असेल! गाईनं हुंगलं... आणि लाथ! बादली उकिरड्यावर!

तेवढ्यात गुरांचे डॉक्टर दारात. केरबा पदर सावरतोय! डॉक्टर म्हणाले, "अहो, पान्हा अंगातल्या रसानं उतरतो. ऑक्सिटोसिन म्हणतात. जनावर बिथरलं की तो अडतो. माणसातही असतो. आई बाळाला पाजते, आपलं माणूस जवळ घेतं, तेव्हा पाझरतो. विश्वासाला त्याचा हातभार लागतो."

केरबाचे डोळे चमकले. "मग एक इंजेक्शन द्या की!"

"गाईला? दुधासाठी टोचायला बंदी आहे."

"गाईला न्हवं... हिला!"

बघा मंडळी! चूक ह्याची, सुई तिला!

डॉक्टर म्हणाले, "रस टोचाल हो. पण तुम्ही तिला विचारलं नाहीत, ते कुठल्या सुईनं निघणार?"

केरबा पाडी घेणाऱ्याकडे गेला. हातापाया पडून पाडी परत आणली. पाडीनं ढुशी दिली, गाईनं पान्हा सोडला. केरबा खूश! वळून बघतो, तर अनुसया तशीच. डोळ्यांत पाणी.

"गाईचं लेकरू आणलंत. माझं काय? उद्या घर इकलंत तर मला लोकांकडनंच कळायचं?"

केरबाला तेव्हा खरी लाथ बसली. तो खालीच बसला. "चुकलं माझं. गोठ्यातलं आता तुला इचारल्याशिवाय हलणार न्हाई." आणि खरंच विचारू लागला. वैरण कुठली टाकू? पाणी आता दाखवू? एके दिवशी ती वैतागली, "एवढं बी कळत न्हाई व्हय?" आणि हसली! केरबाच्या हातावर हात ठेवून धारेला बसली.

मंडळी, कीर्तन संपत आलं, आता बुक्का लावायचा, उराउरी भेटायचं. दरवेळी तुम्ही बरोबर आलेल्यालाच मिठी मारता! शहाणे आहात! बाबूमामा, तुमचा धाकटा भाऊ त्या खांबाआड बसलाय. बांधावरून बोलणं बंद आहे ना? उठा. आधी चुकलं म्हणा, मग भेटा.

उठा मामा! तुम्ही पोचेपर्यंत आम्ही टाळ थांबवत नाही!