किलोले एक मूठ

— पाय जपून सिस्टर, उद्धवरावाच्या पोटावर उभ्या आहा तुमी! हां, तोच, दुकानदार. चुन्यानं आखलेला चौकोन, ज्वारीनं गच्च भरलेला. हसून काऊन राह्यल्या? हिशोब तुमचाच. आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तुमी उटनूरहून इकडं बदलून आल्या, अन् आल्या आल्या अख्ख्या गावाले वजनकाट्यावर चढवलं. वजनाले उंचीनं भागा, मंग पुन्ना उंचीनं भागा — तुमीच सांगतलं ना? आता भागाकार आला तवा या डोमाजीनं शाळा सोडली. पण भागता नाय आलं तरी पसरवता तं येते! सरकारनं जिल्हा भागला, म्या माणसं पसरवली. माणसाएवढी दोरी, तेवढ्या बाजूचा चौकोन, अन् किलोले एक मूठ ज्वारी. झालं गणित. उद्धवरावात खळ्याचं सारवण दिसतच नाय. वामनराव बरोबर — थोडी ज्वारी, थोडं खळं. उद्धवराव आपल्याच भोवती फेरी मारून म्हणे, थोडी झाडून घे रे. म्या म्हटलं, तुमीच झडा, रोज पहाटे नेरडीगोंड्याच्या रस्त्यानं.

बसा ना. मी? मले बसवत नाय आज.

तो कोपऱ्यातला? त्याचं काय पाह्यता — त्याच्यात सारं खळंच हाय. दाण्यानं दाण्याले हाक मारावी असं. तुमाले ठाऊक हाय कोणाचा. तुमीच मले बाजूले घेऊन सांगतलं, आदिलाबादच्या दवाखान्यात न्या, उशीर नका करू. माही बायको, प्रयागबाई, ऐकते का? म्हणते मले काय झालं, जेवते ना मी. काय जेवते? सगळ्याईचं झाल्यावर भाकरीच्या टोपल्यात उरन ते. रिवाज हाय. म्या तं जेवून हात धुऊन उठतो — टोपल्यात काय उरते, मले काय माईत!

तिच्यासाठीच मांडलं हे सारं. आकड्यावर तिचा भरोसा नाय, ज्वारीवर हाय. काल आली, कमरेवर हात ठेवून पाह्यत राह्यली, अन् विचारलं, "हे कोणाचं हो?" जनमभर लोकाईची टवाळी केली सिस्टर, पण तिले तिचंच सांगवलं नाय. म्हटलं, शेजारच्या देवकाबाईचं. देवकाबाई! दारातून आडवी निघते ती! पण हिनं ज्वारीवर विश्वास ठेवला, डोळ्यावर नाय. "सूज असन ती. बिचारीले घरात कोणी वाढत नाय वाटते." अन् आपल्या वाटची भाकर फडक्यात बांधून तिले देऊन आली. आज सकाळी बी. अन् देवकाबाई खाते बी, चटणी मागून!

हसा, हसा. म्या बी हसलो होतो. मंग चुलीपाशी गेलो तं टोपलं —

आली पाहा. हातात फडकं हाय. तुमी सांगता का? — नाय, नका सांगू, तुमी सांगतलं तं तो आकडा होईन. तुमी जा, रस्त्यावर आदिलाबादची रिक्षा थांबवा. जा म्हणतो ना.

अवं, इकडं ये. ते फडकं खाली ठेव. तो चौकोन देवकाबाईचा नोय, तुहा हाय. — मजाक नाय करून राह्यलो. माह्या तोंडाकडं पाह्य.