साडेचार माणसांची गाडी

नको नको नको, खुर्ची नको! उभ्यानेच बोलतो मी. बसायचं नाव काढलं ना की हल्ली माझे गुडघे आपोआप छातीकडे येतात... सात रविवार, तुम्हाला सांगतो, लागोपाठ सात रविवार मी फक्त बसतोय! या गाडीत बस, त्या गाडीत बस, पुढे बस, मागे बस, आता मधे बस, आता जरा तिरका होऊन बस, "दाजी, श्वास सोडा आणि मग बसा!" कशासाठी? तर आमच्याकडे गाडी घ्यायची होती. फार मोठी नाही हो, त्या चार मीटरवाल्या एसयूव्ही असतात ना, बाहेरून हत्ती आणि आत... आतलं सांगायलाच तर उभा राहिलोय.

आता माझ्याकडे बघा. नीट बघा, लाजू नका. पाच फूट दोन इंच. बूट घालून पाच-तीन. मी वरद, अंबरनाथला एमआयडीसीत क्वालिटीला आहे, राहायला बदलापुरात, मांजर्लीला. आणि बायको, तेजस्वी, पाच फूट अकरा! लव्ह मॅरेज हो, नाहीतर असलं कुणी जुळवून देत नाही. मला त्याचं काही वाटत नाही, उलट माळ्यावरचा डबा काढायला आमच्या घरात स्टूल लागत नाही. पण तिचं माहेर! जांभूळ गाव. सासरे बाळाजीमामा, पोरांचे अण्णा, सहा फूट तीन, वर टोपी. सासूबाई विठामामी त्यातल्या त्यात कमी, पाच-आठ. मेहुणा कैलास सहा फूट दोन आणि त्याच्या वर केसांचा कोंबडा तीन इंच! लग्नाच्या फोटोत त्या सगळ्यांच्या मधे मी उभा आहे, तर बघणारे विचारतात, फोटो मधेच फाटलाय का?

माझी आधी एक छोटी गाडी होती. मला अशी बसायची म्हणता, शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखी! पण तेजस्वी तिच्यात बसली की गुडघे डॅशबोर्डला, डोकं छताला आणि मान खिडकीकडे. चार वर्षं बसली बिचारी, एका शब्दाने बोलली नाही. मग मान धरली. डॉक्टर म्हणाले, मान अशी वाकडी ठेवून काम काय करता? ती म्हणाली, काम नाही, यांच्या गाडीत बसते. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! तिथल्या तिथे ठरवलं, हिला सरळ मानेने बसता येईल अशी गाडी घ्यायची. आणि माझं चुकलं काय, तर मी हे सासरी बोललो.

सगळं जांभूळ तयार! म्हणजे तेजस्वी धरून चौघं. "आपल्याला पन कदी जावा-येवाचा झाला तर मावाला पायजे ना!" बरोबर आहे, जावई म्हणून मी नाही कसं म्हणू? लगेच अंगणात बसून सीटवाटप झालं. मामींना गाडी लागते, पुढची सीट त्यांची, यात वाद नाही. चालवणार कैलास, कारण कैलासचा हात चांगला. कुणी सांगितलं? कैलासने! मागे एका खिडकीला मामा, दुसऱ्या खिडकीला तेजस्वी. मी हळूच विचारलं, मामा, मी? मामांनी तंबाखू मळता मळता हात झटकले, "जावयबापूंचा काय, ते कुठंपन मावतान!"

कुठंपन मावतान! म्हणजे मी काय कोथिंबिरीची जुडी आहे? पिशवी भरली की वरून खोचली! अहो, जावयाला पूर्वी पाट मांडायचे, भोवती रांगोळी काढायचे, तूप वाढताना सासूचा हात थांबायचा नाही. मी काय मागत होतो? एक सीट! एक अख्खी सीट, खिडकीजवळची, जिच्यावर बसलो की माणूस म्हणेल, हा या घरचा जावई आहे. नाही, तुम्हीच सांगा, जास्त होतं का?

पहिला रविवार, अंबरनाथचं शोरूम. आत शिरलो, स्वप्नाली नावाची मुलगी हसत पुढे आली, आमची उंची बघून तिचं हसू जरा वर सरकलं, सरकत सरकत मामांच्या टोपीपर्यंत गेलं आणि मग खाली माझ्यावर येऊन स्थिरावलं. "सर, तुम्ही बसा ना मागे!" मी बसलो. "बघा! बघा किती लेगरूम आहे!" अहो, असणारच! माझे पाय खाली टेकत नव्हते! आणि हे एका शोरूमचं नाही हं, सगळीकडे तेच. चार ताडमाड माणसं गाडी बघायला आली की सेल्सवाला बरोबर मला निवडतो आणि मागे बसवून चौघांना दाखवतो. काचेतल्या मासळीसारखा मी आत, आणि ते बाहेरून बघतायत! मग कैलास पुढे बसला, त्याने सीट खाडखाड मागे घेतली, आणि माझं लेगरूम गेलं. मी म्हटलं, मॅडम, आता? ती म्हणाली, "सर, ते ड्रायव्हर कोण आहे त्याच्यावर असतं." नीट ऐका हे वाक्य. मी नाही ऐकलं! तिथेच ऐकलं असतं तर सहा रविवार वाचले असते.

कैलासला सनरूफ पाहिजे. का? हळदीला वरून डोकं काढून नाचायला! स्वप्नाली म्हणाली, सर, सनरूफ घेतलं तर आत वरची दोन बोटं जागा कमी होते. म्हणजे बघा, ज्याला उंची जास्त त्यानेच सनरूफ मागायचं आणि मग आत मान मोडून बसायचं! मामा बसले तर टोपी छताला. ती बिचारी म्हणाली, काका, टोपी काढून बघा ना. संपलं! "टोपी मी मोठमोठ्या सायबांफुडं नाय काढली, गाडीफुडं काढू?" ते शोरूम तिथेच बाद.

मग उल्हासनगर. तिथे जुन्या गाड्यांचा एक शेठ कैलासच्या ओळखीचा. त्याला सगळे साईं म्हणतात आणि तो सगळ्यांना साईं म्हणतो. "साईं, बैठो तो सही! बैठने से जगह बनती है!" मामा बसले. जागा काही बनली नाही. "कोई टेन्शन नहीं साईं, गली में अपना आदमी है, सीट का फोम निकाल देगा, दो इंच मिल गया!" मी म्हटलं, शेठ, चार इंच लागतील. "तो पूरी सीट निकाल देते हैं!" मामी घाबरल्या, "मंग बसाचा कशावर?" तर म्हणतो, "आंटी, गद्दी फ्री में देता है ना!" उल्हासनगरात माणूस नाही म्हणतच नाही हो! तुम्ही म्हणालात ना, गाडी मधून कापून एक फूट वाढवा, तर तो फक्त विचारेल, कधीपर्यंत पाहिजे?

पण तिथे एक झालं. मामा म्हणाले, त्या कागदावरच्या मिलीमीटरवर माझा विश्वास नाय, मी माजी वीत लावतो. मागच्या सीटपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत मामांनी वीत लावली... अडीच वीत. कैलासने मोबाईलमध्ये लिहून घेतलं, उल्हासनगर अडीच. आता मामांनी घर बांधलं विहिरीपासून माळ्यापर्यंत ते याच वितीने, तर गाडी मोजायला काय हरकत?

मधले रविवार मी सांगत नाही, सगळे सारखेच, गाडी बदलायची, माझी मधली सीट तीच. एकीत मधे खाली उंचवटा, एकीत पाठीला आर्मरेस्ट टोचतो, आणि दोन्हीकडून चार लांबलचक मांड्या... दर वेळी मी म्हणायचो, मामा, मला जरा... की लगेच, "तुमचा काय जावयबापू, तुमी कुठंपन मावता!" घरी येऊन मी तेजस्वीला म्हटलं, अगं, तू तरी बोल. ती म्हणाली, वरद, अण्णांच्या तोंडून कौतुक आहे ते! कौतुक? हे कौतुक असेल तर अपमान कसा करतात तुमच्याकडे?

सहावा रविवार, बदलापूरचं शोरूम. गाडी देखणी! पण दोन गाड्यांच्या मधे अशी दाटीत उभी केलेली की मागचं दार वीतभर उघडेल तर शपथ. मोजायचं कसं? मामा म्हणाले, "जावयबापू, तुमी शिरा. तुमी कुठंपन..." शिरलो! माप घ्या म्हणाले, घेतलं! वीत लावली, एक, दोन, तीन, चार! मी आतून ओरडलो, चार वीत! बाहेर टाळ्या! उल्हासनगर अडीच, बदलापूर चार! मामांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, हीच. मी फॉर्मवर सही केली, पेढे वाटले, स्टेशनला पोचेपर्यंत सगळ्यांना फोन झाले.

आणि तुम्हाला सांगतो, मी क्वालिटीचा माणूस! दिवसभर व्हर्नियर घेऊन केसाच्या जाडीचा फरक काढतो, पोरांना ओरडतो, माप कुठल्या गेजने घेतलं ते आधी बोला! आणि एका शहाण्याच्या डोक्यात येऊ नये की ती वीत मामांची होती आणि ही माझी? मामांची वीत साडेदहा इंच. माझी साडेसहा. करा गुणाकार! दोन्ही गाड्यांत जागा सारखीच!

सातवा रविवार, म्हणजे डिलिव्हरी. हार, नारळ, टायरखाली लिंबं, मामींनी गाडीला ओवाळलं. पाचही जण बसलो. कैलासने सीट मागे घेतली. खाड, खाड, खाड... आणि मागून मामांचा आवाज आला, "आई गं!" गुडघे पार हनुवटीला! इकडे तेजस्वी पुन्हा मान वाकडी करून खिडकीला, मधे मी. मामा दार उघडून हळूच उतरले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आपल्या मापाची गाडी कोन बनवीत नाय. तुमी जा, मी रिक्षानी येतो."

ओरडले असते ना, तर चाललं असतं. पण असं हळू बोलले... शोरूमच्या दारात हार घातलेली गाडी आणि तिच्या बाजूला उभा तो एवढा मोठा माणूस, खांदे पाडून. तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी. आणि मला आतल्या आत खात होतं, ही माझ्या वितीची करणी! मी म्हटलं, मामा, थांबा. कैलास, उतर. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. खाड. खाड. खाड. खाड! पार स्टिअरिंगजवळ, जिथे माझे पाय पोचतात. म्हटलं, आता बसा.

मागे अंगण झालं हो! अंगण! मामा बसले, पाय लांब केले, तरी जागा उरली. मधे कैलास, त्याने त्याचेही पाय माझ्या पाठीमागे सोडले, कोंबडा तेवढा मोडला, पण मावला. मामींनी आपली सीट चार घरं पुढे घेतली, आणि मी आरशात बघतो तर तेजस्वी... मान सरळ! हसत होती. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू! आणि मामांनी काय केलं माहितीये? पायावर पाय टाकला! सहा फूट तीन इंचाचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा गाडीत पायावर पाय टाकून बसला, आणि मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जावयबापू, आजपासून ह्या सीटवर दुसरा कोन बसाचा नाय!"

मिळाली! अख्खी सीट! खिडकीजवळची! मी छाती अशी फुगवली की हॉर्न वाजला.

मग सोमवारी सकाळी फोन. वांगणीला हळद आहे. बुधवारी नेरळला साखरपुडा. रविवारी मुरबाडला मामांच्या मावसभावाला बघायला, येताना आत्याला घ्यायचं, आत्या पाच-दहा. मी म्हणतो, कैलासचा हात चांगला ना? तर कैलास मागून जांभई देतो, "दाजी, मी बसलो पुढे तर अण्णांचे गुडघे..." बरोबर आहे! तेजस्वीला म्हटलं, तू घे ना गाडी. ती म्हणाली, मी सीट मागे घेतली की अण्णा...? तेही बरोबर! सगळ्यांचं बरोबर आहे! साऱ्या खानदानात ती सीट पुढे घेऊ शकणारा मी एकटा! पाऊस सुरू झाल्यावर म्हटलं, मांजर्लीत पाणी भरतं, गाडी जांभूळला उंचावर ठेवतो, जरा सुटका होईल. तर म्हणाले, गाडी ठेवा, तुमीपन ऱ्हावा!

आणि परवाची गोष्ट. मामांचे धाकटे भाऊ आले, तेही सहा फूट. मागे बसले, पाय पसरले, इकडे बघतात, तिकडे बघतात, हात फिरवून सीट बघतात. "दादा, काय जागा हाय रं! मलापन घ्याचीय. कंची गाडी ही?" मी आरसा पुसत कान टवकारले, म्हटलं, सात रविवार घातले मी, आता मामा मॉडेलचं नाव घेतील, व्हेरियंट सांगतील, निदान जावयाने निवडली असं तरी म्हणतील. मामांनी पायावरचा पाय बदलला आणि म्हणाले,

"गाडी कंचीपन घे रं. आधी पोरीला बुटका नवरा बघ."

मी चावी फिरवली आणि विचारलं, काका, तुम्हाला कुठे सोडू?