एका क्लिकची नवरी

परवा लॅपटॉप घ्यायला गेले आणि भांडून आले. सोबत माझी बहीण सुधा होती. लग्नाचे फोटो एडिट करायला कोणतं ग्राफिक्स कार्ड पुरेल, एवढंच मी विचारलं. शिवाजीनगरच्या त्या सेल्समनने माझ्या पेनड्राइव्हवरचा सुधाच्याच लग्नातला फोटो उघडला, एक क्लिक केलं आणि माझी सावळी बहीण पांढरीफटक झाली.

"बघा मॅडम, किती फास्ट. थोडं गोरं केलं."

माझं डोकंच फिरलं. स्क्रीनवरच्या नवरीकडे बोट दाखवून विचारलं, "हिला कुठे पाहिलंय का?"

"नाही, मॅडम."

मी सुधाला दंडाला धरून त्याच्यापुढे उभं केलं. "आता नीट बघा."

त्याने तिला नीट बघितलं आणि म्हणाला, "यांचाही फोटो द्या. पण यांना दोन क्लिक लागतील."